एका हंड्यात जीप

६ मार्च
सहा गाड्या. चार जीप, एक टेम्पो, एक कुणा साहेबाची पांढरी. घाटातून येणाऱ्या गाडीवर एवढा लाल फुफाटा, की रंग विचारून घ्यावा लागतो. होळी झाली, आता पावसापर्यंत हेच.

संध्याकाळी पंचायतीसमोर बैठक. पाडव्यापासून बोअर फक्त पिण्याला. दरवर्षी हेच ठरतं आणि दरवर्षी पहिला हात मीच वर करते. कारण बोअरवर धंदा माझा एकटीचा, आणि सगळ्या बाया वळून माझ्याकडेच बघतात. बरोबरच आहे त्यांचं. मीही डोक्यावर हंडा घेऊन चढ चढते, मला का कळत नाही? पण हात खाली घेतानाच हिशोब सुरू झाला. बोअर बंद म्हणजे ‘रेणू वॉशिंग सेंटर’ बंद. म्हणजे मी ठाण्याला, शेटच्या गाड्या चमकवायच्या स्टुडिओत, लोकांच्या गाड्यांच्या सीटा पुसायला. पार जूनपर्यंत. सात उन्हाळे झाले असे.

रेणूला काही बोलले नाही. तिनंच विचारलं, “आई, यंदा रिझल्टला कोण येणार? आजी आली की ती बाईंशी भांडते.”

सासूबाई (वहीत सा.बाईच लिहिते) आतून ओरडल्या, “त्या बाईनंच पहिलं तोंड उघाडलं होतं!”

८ मार्च
जीप स्टँडवर रमेशला डबा द्यायला गेले. (नवरा असला म्हणून काय, डबा विसरायचा तो विसरतोच.) तिथं भांडण. मला वाटलं पाशिंजरावरून, तर नाही, गाडी धुण्यावरून! विलासच्या मोबाइलवर एक गॉगलवाला माणूस. मोठी काळी गाडी, एक बादली, आत दोन झाकणं औषध. फडक्यानं पुसतोय, ना पाइप ना फवारा. गाडी आरशासारखी. औषधाचं नाव थेंबा.

पांडूच्या मोबाइलवर दुसराच, उलटी टोपी घातलेला. तो म्हणतो थेंब्यानं ओरखडे पडतात, घ्यायचं तर झळक घ्या. मग गॉगलवाला म्हणतो झळकनं डाग राहतात. एकमेकांची नावं घेऊन शिव्या. आणि आमचे शहाणे ड्रायव्हर दोन पार्ट्या करून बसलेत. विलास थेंबा पार्टी, पांडू झळक पार्टी. ग्रामपंचायतीच्या इलेक्शनला एवढा जोर नव्हता.

मला म्हणतात, “तू सांग, ठाण्याला शिकून आलीस ना?”

म्हटलं, शिकले ते सांगते. स्टुडिओत असले व्हिडिओ माझ्यासमोर काढलेत. आधी मी गाडी पाइपानं धुवायची, मग वर थोडी पावडर उडवायची, मग हिरो येणार, पुसणार, टाळ्या. माझा फक्त हात दिसायचा, तोही चुकून.

सगळे हसले. मी पण हसले. पण घरी येईपर्यंत डोक्यात एकच. एक बादली. एका बादलीत खरंच होत असेल तर मला कुठं जायची गरज नाही.

१२ मार्च
विलासनं थेंबा मागवला, पार्सल आलं. रमेशनं जव्हारच्या दुकानातून झळक आणला. तिसरा माझा, ठाण्याहून आणलेला. पारवा. स्टुडिओत आम्ही कामाला हाच वापरायचो. साधा पांढरा डबा, वर ना चित्र ना चकचकाट. ह्याची जाहिरात मी आजवर कुठं बघितली नाही, म्हणून माझा ह्याच्यावर जीव. माल चांगला असला की बोंबलायला लागत नाही.

मागच्या भिंतीला भंगारातलं एक बोनेट टेकवून ठेवलंय. त्याला चिकटपट्टीनं चौकोन पाडले. घाटातली माती चाळून सगळीकडे सारखी लावली. तीन चौकोन तीन औषधांना. चौथा सा.बाईंच्या शिकेकाईला, कारण त्या हटून बसल्या. “केस निंगतात, तं गाडी काय निंगणार नाय?” केस आणि जीप. काय बोलणार.

१३ मार्च
निकाल. शिकेकाई: चौकोन तपकिरी झाला. सा.बाई म्हणतात बोनेटच खराब होतं. थेंबा, झळक, पारवा तिन्ही चालतात. खरंच चालतात! माती आधी भिजवायची, दोन मिनिटं मुरू द्यायची, मग घडीचं फडकं एकाच दिशेनं ओढायचं. घासलं की मेलं. मला पारवा जरा उजवा वाटला.

रेणूला मिठी मारावीशी वाटली. मारलीच. तिला वाटलं मला ताप आलाय.

१९ मार्च
पाडवा. गुढी उभारली, बोअरच्या खोलीला कुलूप लागलं, आता फक्त पिण्याच्या पाण्यापुरती उघडणार. मीच किल्ली देऊन आले.

दुपारी बुधाकाकांची जीप. काका स्टँडवरचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. त्यांच्या गाडीला हात लावायचा तर आधी त्यांचं पाऊण तास ऐकावं लागतं. एक हंडा पाणी, पारव्याची दोन झाकणं, सोळा फडकी. दीड तासात जीप लख्ख. काका गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, “बरी हाय.” काकांच्या तोंडून ‘बरी’ म्हणजे बक्षीसच.

आणि मग मी त्या सोळा फडक्यांकडे बघितलं. चिखलाचे गोळे. हे धुवायला किती पाणी? तीन हंडे गेले! गाडीला एक आणि फडक्यांना तीन. म्हणजे पाणी वाचलं कुठं? डोक्याला हात लावून बसले.

गॉगल बघा, टोपी बघा, आख्खा मोबाइल पालथा घाला. गाडी पुसून झाली की व्हिडिओ संपतो. फडकी कोण धुतं ते कुणी दाखवत नाही. कुणीतरी बाई धूत असणार, दुसरं कोण.

२३ मार्च
चार दिवस नुसती फडकी. भांडी घासताना सुचलं. आमच्याकडे उन्हाळ्यात खरकटं पाणी कुणी फेकत नाही. पहिलं पाणी मातकट, दुसरं बरं, तिसरं चांगलं, आणि उद्या दुसरं पहिल्याच्या जागी, तिसरं दुसऱ्याच्या. तेच इथं. तीन टप ओळीनं. मळकं फडकं पहिल्यात, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. सकाळपर्यंत माती तळाशी बसते. वरचं निवळ काढून घ्यायचं, तळचा गाळ फेकायचा. फक्त तिसऱ्या टपात नवीन पाणी, तेही अर्धा हंडा.

दीड हंड्यात एक जीप, फडक्यांसकट!

हे कुठल्या गॉगलनं शिकवलेलं नाही. हे आईनं शिकवलंय, आणि तिला जीप म्हणजे काय ते नीट माहीतही नव्हतं.

२८ मार्च
स्टँडवर बैठक. बायकांनी स्टँडवर बैठक घ्यायची पद्धत नाही, पण मी घेतली. रमेश लांब उभा राहून ओळख नसल्यासारखं करत होता. हरामखोर.

बोलले ते असं. पावसापर्यंत आठवड्याला एकदा प्रत्येक गाडी धुवून देते. गावातलं एक थेंब पाणी घेणार नाही. तुम्ही जव्हारला जाता, खोडाळ्याला जाता, जिथं पाणी असेल तिथून येताना गाडीपुरता एक कॅन भरून आणा. गाडीचं पाणी गाडीनं आणायचं.

एक-दोघांनी आपल्या गाडीत कॅनपुरती जागा बघितली. मग बुधाकाका, “हां. ह्ये जमंल.”

विलास म्हणतो थेंबा वापर, पांडू म्हणतो झळक. मग मला चढलं. म्हटलं, दोन्ही सोडा. ते दोघं पैसे घेऊन बोंबलतात. मी पारवा वापरणार. ज्याची जाहिरात नाही तोच खरा. माझी जबान आहे. ह्यात खोट निघाली तर माझ्याकडे गाडी आणू नका.

अकरा गाड्या ठरल्या. सगळ्यांनी मिळून पारव्याचा मोठा कॅन मागवायचं ठरलं. मी ठाण्याला जाणार नाही! अजून शेटला सांगितलं नाही, पण नाही जाणार. हे लिहिताना हसू येतंय, उगाचच.

४ एप्रिल
मोठा कॅन आला. झाकण उघडलं आणि नाक थबकलं. पारव्याला पूर्वी कडू वास यायचा, औषधी. ह्याला लिंबाचा. हा वास ओळखीचा आहे. थेंब्याची बाटली काढून हुंगली. तोच.

लिंबाचा वास काय, कुणीही घालेल. मन म्हणालं, सोड. पण मी कुठं सोडते.

६ एप्रिल
डब्यामागचा नंबर लावला. म्हटलं विचारावं, वास का बदलला. तीनदा गाणं वाजलं. मग एक मुलगी, गोड आवाज.

“नमस्कार. थेंबा, झळक की पारवा? कशाबद्दल बोलायचंय?”

मी म्हटलं, काय?

तिनं परत तिन्ही नावं घेतली. पाठ असल्यासारखी. विचारलं, बाई, हे तिन्ही तुमचेच का? तर म्हणते, “हो ताई, थेंबा आणि झळक पहिल्यापासून आपलेच. पारवा गेल्या वर्षी आपल्याकडे आला.”

आपल्याकडे! जसं काही सून आली घरात.

“मग ते गॉगलवाले आणि टोपीवाले भांडतात ते?”

“ते मार्केटिंगवाले बघतात ताई. तुमची तक्रार नोंदवू का?”

काय नोंदवणार. फोन ठेवला. तिन्ही डबे उलटे करून बारीक अक्षर वाचलं, रेणूचं भिंग घेऊन. कंपन्यांची नावं तीन. गाळा नंबर तिन्हींचा एकच.

७ एप्रिल
राग राग राग. त्या लोकांवर कमी, स्वतःवर जास्त. स्टँडवर ‘माझी जबान’ म्हणून छाती काढून आले. कशाच्या जोरावर? तर डबा पांढरा होता म्हणून! पोरांना गॉगल भुलवतो, मला पांढरा डबा. माझ्यासारख्या शहाण्यांसाठी तोही त्यांनी ठेवलाच होता.

रमेशला सांगितलं. तो म्हणाला, “गप बस. माल वाईट हाय का?”

नाही.

“गाड्या निघतात ना?”

निघतात.

“मंग? तू सांगितलंस की ते म्हणणार हिचंच हिला माहीत नाय. गाड्या जातील. मंग जा ठाण्याला.”

त्याचं खोटं नाही. हेच तर भ्या आहे.

८ एप्रिल
रमेशला तीन वाट्यांत तीन औषधं ओतायला लावली, पारवा जुन्या डब्यातला, मला न दाखवता. वास कळू नये म्हणून नाकाला फडकं बांधलं. बोनेटवर परत चौकोन. मी म्हटलं पारवा मला डोळे झाकून ओळखता येईल.

नाही आलं. दोनदा केलं. पहिल्यांदा थेंब्याला पारवा म्हटलं, दुसऱ्यांदा झळकला. म्हणजे मार्चात ‘जरा उजवा वाटला’ ते नुसतं वाटणंच होतं. माझंच मन मला जाहिरात दाखवत होतं, फुकटात.

रमेश हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

९ एप्रिल
माहेरच्या पाड्यावर बोहाडा, देवादिकांच्या सोंगांची जत्रा. सकाळचं देवीचं सोंग बघायला सगळे गेलो. लाकडाचा मोठा मुखवटा, सांबळ, गर्दी. रेणू माझ्या खांद्यावर, आता झेपत नाही ती. सा.बाई वाकून खाली बघत होत्या.

“काय पडलं?”

“पाय बघते. ह्यो भिवाच हाय. मघाशी राक्षस पन ह्योच झालेला. आंगठा बघ.”

खरंच, पाड्यावरच्या भिवाचा वाकडा आंगठा. रेणू ओरडणार तोच त्यांनी तिचं तोंड दाबलं. “सांगायचं नसतं. नाचतो तवर द्येव असतो तो. उगा पाप.”

मी विचारलं, आणि बाजारात नाचत असेल तर?

सा.बाईंनी माझ्याकडे वेडीकडे बघावं तसं बघितलं. “बाजारात कसला आलाय द्येव? बाजारात तं आधी पायच बघायचं.”

येताना जीपमध्ये ठरवलं. सांगणार. रमेशला बोलले. तो गिअर बदलत म्हणाला, “सकाळी सांग. पहिली गाडी भरायच्या आदी. दुपारी सगळे तापलेले असतात.”

११ एप्रिल
सांगितलं.

सकाळी सात, स्टँड. म्हटलं, ऐका रे, मी चुकले. पारवा पण त्यांचाच. थेंबा, झळक, पारवा, तिन्हीचा मालक एक, तिन्ही एकाच गाळ्यातून येतात. नंबर आहे, फोन लावा आणि ऐका. पांडूनं लगेच लावला, स्पीकरवर. तीच पोरगी, तेच, “थेंबा, झळक की पारवा?”

पांडूनं फोन बंद केला. मग विलास आणि पांडूनं एकमेकांकडे बघितलं. महिनाभर बोलत नव्हते दोघं. पांडू म्हणाला, “म्हंजी आपून ज्याच्यासाठी भांडलो...” पुढचे शब्द लिहिण्यासारखे नाहीत. विलास हसून हसून बोनेटवर पडला.

मग विलासनंच मला विचारलं, “आन् तू कुणाची?”

“मी कुणाचीच नाय. म्हणून तर सांगायला आले. माल वाईट नाय, भांडण खोटं हाय. आजपासून तिन्ही डब्यांचे कागद भिजवून काढणार. स्वस्त मिळेल तो वापरणार. नाव कुणाचंच घेणार नाय. ज्याला पटत नाय त्यानं कॅन आणू नये.”

चार जण गेले. पांडू पण. म्हणाला, “वैनी, राग नाय, पन तुझंच तुला ठाव नव्हतं, मंग आमी काय धरून बसायचं?” खरंच होतं ते. त्याचा कॅन त्याला परत दिला.

बुधाकाका थांबले. “माझी गाडी डबा धुतो कां तू धुतेस?” एवढंच बोलून पाशिंजर ओरडायला लागले, जव्हार जव्हार.

सात गाड्या. सातात भागेल का? कसंबसं. भागलं नाही तर?

नंतर कळलं, विलासनं सगळं मोबाइलवर घेतलंय.

१४ एप्रिल
शेटचा फोन. उद्यापर्यंत ये, नाहीतर जागा भरतो, पोरं रांगेत आहेत. शेट वाईट माणूस नाही. सात वर्षं त्यानं मला वेळेवर सगळं दिलंय.

म्हटलं, “शेट, भरा जागा.”

तो म्हणाला, “पक्का?”

“पक्का.”

फोन ठेवायच्या नादात चहा सांडला. सा.बाई पुसायला लागल्या. फडकं हातात घेऊन म्हणाल्या, “कोन्च्या टपात टाकू?” हसू आणि रडू एकदमच.

२१ एप्रिल
सातच्या सहा व्हायची वेळ आली होती. एका जीपच्या दरवाज्यावर माझ्या हातून ओरखडा पडला. फडक्याची घडी उलटी धरली, खडा आत राहिला. औषधाचा दोष नाही, माझा. मालक दिसताक्षणी सांगून टाकलं, त्याला शोधायला लागू नये. तो दरवाजा बघत राहिला आणि म्हणाला, “ह्यो? ह्यो तं बैलाच्या शिंगाचा हाय, जुना.” बैलाचा नव्हता. मला माहितेय, त्यालाही माहितेय.

आता प्रत्येक फडकं वापरायच्या आधी गालाला लावून बघते. खडा गालाला लगेच कळतो. रेणू म्हणते आई गाडीला नाही, स्वतःला पुसते.

२७ एप्रिल
बुधाकाकांची जीप लग्नाला, नवरदेवाची गाडी म्हणून. फुलं लावायच्या आधी मी तासभर खपले. मांडवात लोकांनी विचारलं, कुठं धुतली? काका म्हणाले, “आमच्या पोरीकडं.” पोरगी म्हणाले मला. मी ताटावरून उठून उगाच पाणी प्यायला गेले.

शाळेतल्या मास्तरांची गाडी आली. पाण्याचा कॅन स्वतः घेऊन आले, न सांगता. आठ झाल्या.

१ मे
रिझल्ट. नवी साडी नेसून गेले. बाई म्हणाल्या, “तुम्ही रेणूच्या आई? पहिल्यांदाच बघतेय.” लाज वाटली आणि छातीही फुगली, दोन्ही. रेणू पास, गणितात सगळ्यात वर. चित्रकलेच्या वहीत ‘माझी आई’ म्हणून जीप काढलीय. नुसती जीप! मी कुठं आहे विचारलं तर म्हणे, “पलीकडच्या बाजूनं पुसतेस.”

येताना दोघींनी करवंदं खाल्ली. सात वर्षं झाली करवंदं खाल्ली नव्हती मी, आपल्याकडची. बोटं काळी. खूप बरं वाटलं, खूप.

१० मे
विलास धावत आला. त्याचा तो स्टँडवरचा व्हिडिओ कुठच्या कुठं फिरलाय. लोक म्हणे खाली लिहितात, आम्ही पण फोन लावून बघितला. आणि आता निरोप आलाय. गॉगलचा. स्वतः गॉगलचा, माझ्या नंबरवर.

“ताई, तुमचा साधेपणा कंपनीला फार आवडला. पुढच्या वर्षभराचं लिक्विड आमच्याकडून. बोर्ड आम्ही लावून देऊ, मोठा, लाइटवाला. फक्त तो व्हिडिओ काढून टाकायला सांगा. आणि एक नवीन करू या, ‘मोखाड्याच्या ताईंचा विश्वास’.”

मोखाडा आमचा तालुका, ताई म्हणजे मी. पाच वेळा वाचलं.

११ मे
खोटं कशाला लिहू, मोह झाला. वर्षभराचं औषध म्हणजे पुढचा उन्हाळाही घरी. रमेश म्हणाला, “लाइटवाला बोर्ड, घाटातून दिसंल.” रेणू म्हणाली, “तू गॉगल घालणार?” सा.बाईंनी विचारलं, “आन् बदल्यात काय?” म्हटलं, एक व्हिडिओ पुसायचा. “मंग आदी तोच बघ, का पुसायला सांगतात,” म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या.

विलासला विचारलं, काढशील? तो म्हणाला, “तू म्हणशील तं काढीन. पन मनानं नाय काढणार.”

त्याच्या मोबाइलवर परत बघितला. माझा आवाज केवढा फाटका. केस विस्कटलेले. पण एक शब्दही बदलावासा वाटला नाही.

१३ मे
उत्तर पाठवलं. रेणूनं टाइप केलं, मी सांगितलं तसं:

“दादा, व्हिडिओ राहणार. औषध नको, आम्ही विकत घेतो. तुमचा माल वाईट नाही, हे मी तेव्हाही बोलले, आताही बोलते. तुम्ही मोखाड्याला या. मे संपायच्या आत या, बोअरला कुलूप असताना. पाणी येताना तुमचं तुम्ही आणा. गाडी मी देते, लाल मातीची. फक्त कॅमेरा एकदा सुरू झाला की फडकी धुवून वाळत घालीपर्यंत बंद करायचा नाही. तसा व्हिडिओ करणार असाल तर माझा विश्वास घाला खुशाल.”

निळ्या खुणा आल्या. वर ‘टायपिंग’ आलं, गेलं, आलं, गेलं.

१८ मे
सात वर्षांत ह्या वहीत मे महिन्याची पानं ठाण्याचीच. आज १८ मे आणि मी ओट्यावर बसून लिहितेय.

दहा गाड्या. एक टेम्पो नवा, आणि पांडू परत आलाय, खोडाळ्याहून दोन कॅन घेऊन. एक स्वतःचा, एक म्हणाला असू दे. पुढच्या वर्षी काय, माहीत नाही. तिन्ही डबे एकाच मालकाचे, औषध महाग करतील तर करतील. दुसरं शोधावं लागेल, त्याचेही पाय बघावे लागतील. शेटनं जागा भरली म्हणे.

गॉगलचा निरोप दुपारी आला. “ताई, टीमशी बोलतो. कदाचित येऊ.” कदाचित. स्टँडवर पैज लागलीय, विलास म्हणतो येणार, पांडू म्हणतो नाही. परत दोन पार्ट्या!

सा.बाईंना काळजी वेगळीच. “आला तं त्याला जेवाय काय करशील?”

म्हटलं, नागलीची भाकर, उडदाची डाळ, आपलं जे असेल ते.

रेणूनं विचारलं, “आणि नाही आला तर?”

“तर काय. आपण चौघं जेवू.”